नलिनी कोण?

सन्माननीय अध्यक्ष पद्माकरकाका, आजच्या उत्सवमूर्ती आणि आमच्या विद्यापीठाच्या मावळत्या कुलगुरू प्राध्यापक रुथ हॅझलवुड, मंडळाचे पदाधिकारी, आणि शनिवारी संध्याकाळी वेंटवर्थव्हिलमध्ये पार्किंग शोधूनही वेळेवर पोचलेली आपण सर्व मंडळी, नमस्कार.

मी अपर्णा, विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसात काम करते. आपली यामिनी मॅडमच्या कानाशी बसून भाषांतर करते आहे. यामिनी, विनोद झाला तर लगेच सांग, नाहीतर त्या आपल्यानंतर हसतील.

मॅडम उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावच्या. वडील पोस्टमन. त्या इतिहास शिकल्या, पण राजेरजवाड्यांच्या वाटेला गेल्या नाहीत. तीस वर्षं त्यांनी चर्चमधली जन्म-लग्नाची जुनी रजिस्टरं वाचली. गरीब माणसाचं नाव जन्मात दोन-तीनदाच कागदावर यायचं, आणि कारकुनानं ते चुकवलं की चुकलेलंच उरायचं. मग त्या सिडनीला कुलगुरू होऊन आल्या आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडच्या मुलांची रीघ लागली. पहिल्या वर्षी भारतातले चाळीस विद्यार्थी, चौथ्या वर्षी दोन हजार. आमच्याकडे अर्जांचे गठ्ठे खुर्च्यांवर आणि आम्ही उभे, अशी अवस्था. त्यात कुठल्याशा एजंटाकडे खोट्या मार्कलिस्ट सापडल्या. मग काय, सुक्याबरोबर ओलंही जळायला लागलं.

दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत पुण्याचा धम्मदीप वाघमारे आला. आजचा हा माइक त्यानंच लावलाय. त्याच्या पासपोर्टवर होतं धम्मदीप शिवराम वाघमारे. मार्कलिस्टवर होतं वाघमारे धम्मदीप शिवराम नलिनी. आधी आडनाव, मग मुलगा, मग वडील, शेवटी आई. आपल्याला त्यात काही वावगं दिसतं का? पण इथे शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. आमच्या साहेबांनी विचारलं, "हू इज नलिनी?"

"माय मदर."

"मेट, तुझ्या आईचं नाव तुझ्या मार्कलिस्टवर कशाला?"

धम्मदीपचा प्रवेश रद्द झाला. व्हिसा जाणार, अठ्ठावीस दिवसांत परत जावं लागणार, अशी वेळ आली. त्यानं अपील केलं, मॅडमनी निर्णय फिरवला आणि स्वतःच्या सहीनं माफीचं पत्र दिलं. इथवरची गोष्ट मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढची ठाऊक नाही. पद्माकरकाका, दोन मिनिटं जास्त घेते.

प्रवेश रद्द करण्याआधी साहेबांनी तो कागद माझ्याकडे पाठवला होता. "अपर्णा, तू तिकडचीच. हे बरोबर आहे ना?" माझ्या धाकट्या भावाच्या, निनादच्या मार्कलिस्टवर आमच्या आईचं नाव अगदी तसंच आहे. मला एका नजरेत कळलं होतं. पण आदल्याच आठवड्यात चहाच्या वेळी कुणीतरी हसत म्हणालं होतं, "अपर्णाचे कझिन्स आले पुन्हा." माझी नोकरी तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होती, पर्मनंट व्हायला महिना उरला होता. आपल्या माणसांची बाजू घेते असं कुणी म्हणू नये, म्हणून मी त्या कागदावर लिहिलं, "खात्री देता येत नाही."

अपील आल्यावर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मार्कलिस्ट पाच मिनिटं नुसती बघितली.

"नलिनी कोण?"

"त्याची आई."

"हे लिहिताना तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी तीस वर्षं जी रजिस्टरं वाचली, त्यांत किती कारकुनांनी आईचं नाव गाळलं होतं. एका कारकुनानं ते लिहिलं, तर आपण त्याला खोटा कागद म्हणालो." मग पत्रात त्यांनी लिहिलं की नाव विद्यापीठाला वाचता आलं नाही आणि ही चूक कुलगुरूंची आहे. माझं नाव कुठेच नव्हतं. मी केबिनमधून निघताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्या वाटचं तू सांग. कधी, ते तू ठरव."

मी दोन वर्षं ठरवतेच आहे. दर गणपतीत धम्मदीप मला अपर्णाताई म्हणून वाकून नमस्कार करतो आणि मी आशीर्वाद देते. मॅडम येत्या गुरुवारी इंग्लंडला जातील. त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, पण त्यांनी मागितलेली एकच गोष्ट अजून द्यायची राहिली होती. आणि मुलाच्या पदवीदानासाठी पुण्याहून आलेल्या नलिनीताई तिकडे दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

मॅडम, आपले आभार मानायला माझ्याकडे शब्द थोडे आहेत. आपणा सर्वांनी शांतपणे ऐकलंत, तुमचीही मी आभारी आहे. भाषण संपवताना आपण म्हणतो, काही चुकलं असेल तर क्षमा असावी. मला आज त्यातलं "असेल तर" काढून टाकायचं आहे. यामिनी, हे नीट सांग त्यांना.

धम्मदीप, माझं चुकलं. नलिनीताई, तुम्ही कोण, हे मला माहीत होतं.