शेवटच्या खणातल्या चिठ्ठ्या

सन्माननीय अध्यक्ष मॅनेजर साहेब, व्यासपीठावरचे युनियनचे आप्पासाहेब, आजचे सत्कारमूर्ती आमचे टाइमकीपर त्रिंबकराव, वहिनी, आणि दोन्ही पाळ्यांतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी बानाबाई, पॅकिंग खात्यातली. सिल्लोडकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली. माईकसमोर पहिल्यांदाच उभी आहे, सांभाळून घ्या.

साहेब आत्ता म्हणाले, त्रिंबकरावांनी वीस वर्षांत एकदाच गेट सोडलं आणि मेमो खाल्ला. सगळे हसलात. पण गेट का सोडलं, हे कुणी विचारलं का?

आम्ही कितीतरी जणी एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या. कुणी विधवा, कुणी टाकलेली. पाळ्या वेगळ्या, भेट व्हायची नाही. म्हणून गेटवरच्या हजेरी कार्डांच्या रॅकमधला शेवटचा रिकामा खण धरला. सकाळची बाई चिठ्ठी टाकायची, "पोरीला गोवर आलाय, काय करू?" दुपारची उत्तर लिहून ठेवायची. नाव कुणीच लिहीत नसे. असले कागद फेकायचा हुकूम होता. पण त्रिंबकरावांना तो खण कधी दिसलाच नाही!

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलं. सिटी बस बंद. कारखान्यातही कोण कुठल्या बाजूचं हे बघून माणसं डबे उघडायला लागली. खण रिकामा पडला. त्याच आठवड्यात माझा नवरा मला सोडून गेला. पदरात दोन वर्षांची लेक. मी लिहिलं, "आता होत नाही. पोरीला घेऊन जाते. माफ करा." चिठ्ठी टाकली आणि पाळी सुटताच घर गाठलं.

चिठ्ठी टाकताना त्रिंबकरावांनी मला पाहिलं होतं. माझा चेहरा बघून त्यांनी ती उघडली. गेट तसंच टाकून ते आत धावले. "द्वारकाबाई, भामाबाई, मशिनी सोडा! बानाबाईच्या घरी चला!"

द्वारकाबाई पाटलाच्या घरातली, भामाबाई बौद्ध वस्तीतली. पंधरा दिवस दोघींत शब्द नव्हता. तिघंही मुकुंदवाडीपर्यंत पळत आली. मी कडी काढीना.

भामाबाई बाहेरून म्हणाली, "बाने, नको उघडू. पण बोल. आम्ही इथून जात नाय."

द्वारकाबाई म्हणाली, "पोरगी भुकेली असंल गं. डब्यातली भाकर आणलीय. लई कडक झालीय, पण हाय."

लेक "भाकर" म्हणाली. मी दार उघडलं.

ती लेक आज आठवीत आहे. त्रिंबकराव, मेमो तुमच्या फाइलीला लागला, आणि मी अकरा वर्षं तोंड उघडलं नाही. आज भर सभेत तुमच्या पाया पडते.

साहेब, एक तारखेला हजेरीचं नवं यंत्र येणार, रॅक निघणार. मग बायांनी लिहायचं कुठं? हे आजच विचारते, कारण सकाळीच खणात एक चिठ्ठी आली आहे. तिच्यातही "होत नाही" असंच आहे. अक्षर ओळखीचं नाही. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. ज्या कुणी बाई असाल, ऐकत असाल, तर नाव सांगू नका, नुसत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहा.

शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. शब्द उणाअधिक गेला असेल तर पदरात घ्या. हारतुऱ्यांना मी थांबत नाही. मी गेटवर आहे.