गावाचा अंगठा

कडूबा : अवं, आधी कडी लाव. कोनी विचारलं त सांग, मी सोनाळ्याच्या बाजारले गेलो.

विमलबाई : सरपंच पंजाबराव पारापाशी आले बी. कागद हातातच हाये. साऱ्या गावाचे अंगठे झाले, तुमचाच राह्यला.

रूथबाई : कसला कागद?

कडूबा : हळू बोला, नर्सबाई. अंबूवहिनी मांघच्या खोलीत हाये.

विमलबाई : तुमीच त सांगतलं नर्सबाई, अंबूबाईच्या हाताले महारोग हाये म्हनून. आता गाव म्हनते, आजच तिले नाल्यापल्याड काढा. अंगठा नाई देल्ला त्याले विहिरीचं पानी बंद.

रूथबाई : मी गोळ्या सुरू करायला सांगितलं होतं. बरी होईल ती.

कडूबा : असन बाई. पन मले लय भेव लागून राह्यलं. तीन लेकरं हायेत. गाव काय करन ते करो, मी घरी नव्हतो. ना अंगठा, ना भानगड.

रूथबाई : म्हणजे गाव तिला बाहेर काढणार आणि तुम्ही आतून कडी लावणार. तिला काय फरक पडला, कडूबाभाऊ?

कडूबा : एकटा मानूस गावापुढं काय करन? तुमचं मिशन तुमच्या पाठीशी हाये.

रूथबाई : मीही घाबरते. पहिल्यांदा असा हात धरला, तेव्हा जेवण गेलं नव्हतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, आधी नाव विचार, मग जखम बघ. देव एकेकाला नावानं हाक मारतो, भाऊ. पण एकटं राहा म्हणून नाही मारत. कागदात तिचं नाव तरी आहे का?

विमलबाई : नाई. तलाठ्यानं वाचून दाखवला. 'सदर रोगी बाई' लिवलं. माह्या बाळंतपनात सव्वा महिना तिनं मले न्हाऊ घातलं, ते त्याच हातानं.

(दार वाजते.)

कडूबा : आले. काही बोलू नको.

विमलबाई : मी नाई बोलत. तुमीच बोला.

कडूबा : बाई, सारं गाव एकीकडं हाये.

रूथबाई : गावाला अंगठा नसतो, भाऊ. पंजाबरावांना त्यांचा आहे, तुम्हाला तुमचा.

कडूबा : ...काढ कडी.

विमलबाई : काढू?

कडूबा : काढ. या, पंजाबराव, बसा. कागद मंग पाहू. विमल, वहिनीले बाहेर बोलाव. जे बोलाचं ते तिच्यासमोर बोलू.