बोअरवरचा दगड

(उन्हाळा, टाळेबंदीचे दिवस. पळसदेवच्या शिवारात भीमाआबा मोबाईलवर बोलतायत. पलीकडं त्यांचा मुलगा अविराज, खोल समुद्रातल्या जहाजावर.)

आबा : म्हंजी औंदाबी लांबलंच म्हण की तुझं येणं!

अविराज : आबा, मी काय हौसेनं ऱ्हायलोय का? उतरूच देत न्हाईत. आमच्या बदलीची माणसं बंदरावर कोंडून ठेवल्यात. त्यातल्या एकाला ताप आला, झालं, हेलिकॉप्टर रद्द.

आबा : मागच्या बारीलाबी हेच गाणं. अन् एवढं करताय तरी काय तितं? तेल काढताय व्हय?

अविराज : तेल संपलं हितलं. जुन्या विहिरी हाईत, त्या कायमच्या बंद करतोय.

आबा : अरारारा! बुजवताय?

अविराज : व्हय.

आबा : विहीर बुजवू न्हाय रं बाबा. तळतळाट लागतो. तुझा आजा आटलेल्या विहिरीलाबी दिवाळीला दिवा लावायचा. म्हणूनच आडकलास बघ तितं.

अविराज : आबा, आख्खं जग आडकलंय. सगळ्यांनी काय विहिरी बुजवल्या?

आबा : त्वांड मातुर लय चालतं तुझं. रोगाच्या दिवसांत कुणी सांगितल्यात असल्या भानगडी? ऱ्हाऊ द्या की उघड्या.

अविराज : न्हाय ठेवता येत. समुद्र दीड किलोमीटर खोल हाय हितं, माणूस खाली जातच न्हाय. वरनं यंत्र सोडतो, सिमेंट भरतो, ते धरेस्तोवर वाट बघतो, मग दाब देऊन बघतो, कुठं गळतंय का. नुसतीच सोडली तर आज ना उद्या गॅस वर येतो, तेल येतं. उघडं त्वांड टाकून कुणी जायचं न्हाय, असा नियमच हाय.

आबा : बरं बरं. जेवतोस का येळेवर?

अविराज : जेवतोय. आबा, माळावरचा बोअर बंद केला का?

आबा : आलास का मूळपदावर!

अविराज : त्याचं केसिंग, आतला पाईप, तुमी उपसलं अन् नव्या बोअरला घातलं. तवापासनं त्वांड ढासळतंय. मी निघालो तवा घमेल्याएवढं झालं हुतं. हितं डोळं मिटलं की तेच दिसतं मला.

आबा : झाकलाय की! अन् उजनीचं धरण भरलं की पाणी येणार हाय त्याला. सिमेंट वतून जीव कशापायी घ्यायचा त्याचा?

अविराज : झाकलाय म्हंजी? फरशी हाय ना त्यावर? आपण दोघांनी पहारीनं ढकलत आणली ती?

आबा : पोतं हाय.

अविराज : पोतं? अन् फरशी?

आबा : फरशी गावाच्या कामाला गेली. ह्यो रोग आला, गाव बंद करायचं ठरलं, तर रस्त्यात आडवं टाकायला दगड कमी पडाय लागलं. सगळी म्हणली, आबा, तुमच्याकडं हाय एक जंगी. मी सोता ट्रॅक्टरला बांधून वढत नेली! पार मधोमध टाकलीया. फटफटीसुदीक जात न्हाय. पोरांनी फोटो काढला माझा.

अविराज : आबा! गाव झाकलं अन् आपला बोअर उघडा टाकला?

आबा : उघडा कुठं? पोत्यावर ढेकळं ठेवल्यात की.

अविराज : माझी छकुली कुठं हाय?

आबा : घरी, आईपाशी. ही बघ, राजनंदिनी आलीच भाकरी घेऊन. घे, बोल बायकूसंगं. मला न्हाय तुझ्या शिव्या खायाच्या.

राजनंदिनी : हॅलो! अहो, आज फोन येईल असं वाटलंच नव्हतं. आवाज किती बसलाय तुमचा...

अविराज : छकुली कुणापाशी हाय?

राजनंदिनी : आबांपाशी. सकाळीच आली त्यांच्या मागं मागं. आबा, छकुली कुठंय?

आबा : मला काय इचारतीस? मी तिला बांधावरनं माघारी धाडली. म्हणली, जाते आईकडं.

राजनंदिनी : घरी नाही आली ती!

अविराज : राजू, बोअरकडं पळ! फरशी न्हाय त्याच्यावर!

राजनंदिनी : काय? अगं बाई... आबा! आबा, बोअर!

अविराज : बोल की काहीतरी! दिसती का?

राजनंदिनी : पळतेय... बाभळी आड येतायत... आबा पुढं गेलेत.

अविराज : थांब रे दीपक, न्हाय देणार फोन! जहाजावरच्या फोनला तुझी पाळी असली तरी न्हाय! माझी पोरगी... राजू?

राजनंदिनी : दिसली. अहो, दिसली! पोतं बाजूला ओढलंय. काठावर पालथी पडलीय, डोकं आत घातलंय.

अविराज : हाक मारू नका, दचकंल ती. आबांना सांग, उभ्यानं जवळ जायचं न्हाय, कड सुटंल. लांबनंच आडवं पडा अन् पाय धरा तिचं.

राजनंदिनी : आबा, थांबा! आडवे व्हा. पाय धरा तिचे, पाय... आबा सरकतायत पुढं. देवा, माती पडतीय आत... धरला. एक पाय धरला. ओढा आबा, ओढा! आली. आली हो. घेतली मी. माझ्या कडेवर आहे.

अविराज : लागलंय का?

राजनंदिनी : नाही. नुसती माती, नाकातोंडात. अहो... रडताय तुम्ही?

अविराज : आबा कुठं हायती?

राजनंदिनी : हे काय, खालीच बसलेत. आबा, बोला त्यांच्याशी.

आबा : अवि... तिच्या पोटाखालची माती गेली रं आत. माझ्या डोळ्यांदेखत. गाव वाचवाय निघालो हुतो मी. थू माझ्या जिनगानीवर!

अविराज : असं बोलू नका, आबा.

आबा : न्हाय, मला बोलू दे. मला अक्कल न्हाय, तू सांग. कसा बंद करायचा? आजच करतो. पाणी गेलं खड्ड्यात.

अविराज : तळापासनं दगड-मुरूम भरत या, वर सिमेंट. अन् ते हुईस्तोवर तितनं हलू नका.

आबा : हलतोय कशाला? हितंच बसतो राखण करत. काय गं पोरी, काय करत हुतीस तितं? आँ? राजनंदिनी, ही रोज येती म्हणती हितं!

राजनंदिनी : रोज? कशाला गं?

छकुली : पप्पांना हाक माराया.

राजनंदिनी : तिथं कुठले पप्पा, बाळा?

छकुली : तूच म्हणलीस, पप्पा लय खोल विहिरीच्या कामाला हाईत. मी वरनं हाक मारते. ते ओ देत न्हाईत.

आबा : हिकडं ये माझ्यापाशी. ह्यो धर फोन कानाला. ह्याच्यात मार हाक.

छकुली : पप्पाऽऽ!

अविराज : ओ.