वैष्णवीचं मेडल आणि माझं बॅनर

"गणिताच्या मेडलवर आपल्या वैष्णवीला बेंगळुरूच्या मोठ्या कॉलेजात…" एवढंच शेजारच्या गॅलरीतून कानावर आलं अन् खाली पाण्याचा टँकर घरघरायला लागला. पुढचं ऐकू आलं न्हाई, पण ऐकायचं राहिलं तरी काय होतं? लातूर हाय हे. पोरगी हुशार निघाली की फोटो चौकात लागतोच. मी आमच्या ह्यांना पिटाळलं अन् संध्याकाळच्या आत बॅनर लागलं, 'निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन!'

सकाळीच वैष्णवी धापा टाकत दारात. "काकू, काय केलंत हे! मेडल बघून नुसतं मुलाखतीला बोलावलंय. ॲडमिशन कुठाय अजून?"

"मग काढू का बॅनर?"

"आता काढलं तर लोक म्हणतील, नापास झाली!"

पोरगी मुलाखतीला गेली अन् इकडं मी त्या चौकातून जायचंच सोडलं. शेवटी पेढे घेऊन आली तेव्हा कुठं जीवात जीव आला.

"बघ, मेडलनंच झालं ना काम?"

"मेडलनं दारापर्यंत नेलं, काकू. आत गेले ते तुमच्या बॅनरच्या धाकानं. नापास होऊन त्या चौकातून कोणत्या तोंडानं घरी आले असते?"