साडेचार इंच

जबाब देणार : घर क्रमांक अकरा-अ चे मालक. वय : बासष्ट वर्षे. व्यवसाय : निवृत्त आरेखक, नगरपालिकेचा बांधकाम परवानगी विभाग, नोकरी एकतीस वर्षे. राहणार : सदर घरी, गल्ली क्रमांक चार.

दिनांक २ जुलै, सकाळी अकरा वाजता.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझ्या पत्नीसह राहतो. शेजारचे घर, अकरा-ब, माझ्या थोरल्या भावाचे आहे. त्याला दादा म्हणतात. वय एकाहत्तर. त्याच्यासोबत त्याची पत्नी, म्हणजे माझी वहिनी, आणि त्यांची मुलगी राहत होत्या. पुतणी शाळेत शिक्षिका आहे. वहिनी २८ जून रोजी सकाळी घरातल्या जिन्यावरून पडून मयत झाली. ती माझ्यामुळे गेली अशी पुतणीची तक्रार आहे, म्हणून मला बोलावण्यात आले आहे. मी स्वतःहून आलो. नोटीस काढावी लागली नाही, याची नोंद व्हावी.

दोन्ही घरे वडिलांच्या एकाच जागेवर आहेत. चोवीस वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा दोन्ही अंगणांच्या मधोमध नऊ इंची भिंत घातली. हद्द भिंतीच्या मध्यातून जाते, म्हणजे साडेचार इंच भिंत माझी, साडेचार इंच दादाची. वाटणीचा नकाशा मी काढला. दादाच्या घराचा नकाशाही मीच काढला. खाली बैठकीची खोली व स्वयंपाकघर, वर झोपण्याच्या दोन खोल्या व शौचालय. शौचालय खाली ठेवा, म्हातारपणी बरे पडेल, असे वहिनी तेव्हा म्हणाली होती. ते नकाशात नीट बसत नव्हते. भिंतीत एक लहान दिंडी मात्र तिच्या हट्टाने ठेवली. ताट झाकून इकडून तिकडे न्यायला पूर्ण रस्त्याला वळसा कोण घालणार, असे तिचे म्हणणे होते. ही दिंडी मंजूर नकाशात नाही.

गेल्या ऑक्टोबरात वहिनीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळायला लागले. तिची खाट खाली बैठकीच्या खोलीत आणली. शौचालय वर. दादा आणि पुतणी दिवसातून चार-पाच वेळा तिला धरून वर नेत व खाली आणत. आमचे शौचालय खालीच आहे, त्यामुळे माझी पत्नी पुष्कळदा तिला दिंडीतून चाकांच्या खुर्चीवर आमच्याकडे आणी. मी त्याला हरकत घेतली नव्हती.

जानेवारीत दादाने घराच्या बाजूला, माझ्या भिंतीकडे, खाली एक शौचालय बांधायचे ठरवले. हे मला दादाने सांगितले नाही. पत्नीकडून कळले. नकाशा काढायला त्याने बारक्याला गाठले. बारक्या हा खाजगी आरेखक आहे. तो नऊ वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता व रेघ सरळ कशी मारायची हे त्याला मी शिकवले आहे. सख्खा भाऊ भिंतीपलीकडे बसलेला असताना दादा बारक्याकडे गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मला त्याचा राग आला. आला हे मी लपवत नाही.

नियम असा आहे. आमची गल्ली नव्या रहिवासी विभागात येते. येथे घराच्या बाजूला हद्दीपासून पाच फूट जागा मोकळी सोडावी लागते. रस्त्यापलीकडची घरे जुन्या वस्तीत मोडतात, त्यांना तीन फूट चालतात. दोन विभागांची रेघ रस्त्याच्या मधून जाते. कचेरीतल्या मूळ नकाशावर ती रेघ मीच शाईने मारलेली आहे. वहिनी रस्त्यापलीकडे राहत असती तर तेच बांधकाम कायदेशीर ठरले असते. पण ती अलीकडे राहत होती.

फेब्रुवारीत बारक्या नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या गेटपाशी आला. "सर, दाखल करण्याआधी एकदा नजर टाकता का? तुमची नजर गेली की मला धास्ती नाही," असे म्हणाला. मी ओट्यावरच नकाशा उलगडून पाहिला. बारक्याने पाच फूट मोजताना भिंत पूर्ण दादाची धरली होती. भिंतीला दोन्हीकडून गिलावा दादाने केला होता, त्यावरून त्याची समजूत झाली असावी. म्हणजे बांधकाम साडेचार इंच पुढे येणार होते. चूक माझ्या लगेच लक्षात आली. मी "छान काढलाय" असे म्हणून गुंडाळी परत दिली.

का सांगितले नाही असे विचारता, सांगतो की, मला हद्द कोणी विचारली नव्हती. त्याने नजर टाका म्हटले, मी टाकली.

मार्चमध्ये नकाशा मंजूर झाला. कचेरीत आता कोणी जागेवर येऊन फीत लावत नाही. आमच्या वेळी असे चालत नव्हते. एप्रिलमध्ये काम सुरू झाले. मी रोज सकाळी दात घासताना पाहत असे. पाया झाला, भिंती चढल्या, भांडे बसले, फरशी लागली. वहिनीच्या डाव्या हाताला येईल अशी एक लोखंडी दांडी भिंतीत बसवली, ती पुतणीने खुर्चीवर बसून मापाने ठरवून घेतली होती. सगळे पूर्ण झाल्यावर २ मे रोजी मी फीत लावली व नगरपालिकेत लेखी तक्रार दिली. पाया असतानाच दिली असती तर एका दिवसात भिंत सरकली असती, हे खरे आहे. माझे अक्षर चांगले असल्याने अर्ज टाइप करावा लागला नाही.

९ मे रोजी दादाला नोटीस आली. सहा इंचांपर्यंतची कमतरता, घरात अपंग व्यक्ती असल्यास, शेजारच्या मालकाच्या लेखी संमतीने माफ करता येते. मुदत तीस दिवसांची. शेजारचा मालक मी.

१४ मे रोजी दुपारी चारच्या सुमारास वहिनी स्वतः आली. पुतणी खुर्ची ढकलत होती. दिंडीच्या उंबऱ्यावर खुर्चीचे पुढचे चाक अडकले, ते माझ्या पत्नीने उचलून घेतले. वहिनीच्या मांडीवर संमतीचा कागद होता. डाव्या हातात पेन धरलेले. "भाऊजी, सही," एवढे दोन शब्द म्हणायला तिला बराच वेळ लागला. मी म्हणालो, "ठेवून जा, वहिनी. बघतो." तिने कागद टेबलावर ठेवला आणि पेनही ठेवले.

मयताशी माझे संबंध कसे होते असे विचारता, सांगतो की, चांगले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, आई जाऊन दोन वर्षे झाली होती. चित्रकलेच्या परीक्षांना माझ्या पेन्सिलींना ब्लेडने टोक तीच काढून द्यायची. माझ्याकडून ती मोडत. याचा प्रकरणाशी संबंध नाही. विचारले म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी, १५ मे रोजी, मी दिंडीला कुलूप लावले. दिंडी नकाशात नसल्याचे कारण मी पत्नीला दिले. खरे कारण असे की, बायकांनी मागच्या वाटेने येऊन काम करून न्यावे आणि दादाने घरात बसून राहावे हे मला मान्य नव्हते. दादाने पुढच्या गेटने यावे, आमच्या बैठकीत बसावे आणि तुला विचारायला हवे होते, चुकलो, एवढे म्हणावे, अशी माझी अपेक्षा होती. ती मी कोणाजवळ बोलून दाखवली नाही. शहाण्याला शब्दाचा मार, आणि दादा माझ्याहून शहाणा समजला जातो.

मुदतीत दादा आला नाही. १२ जूनला कनिष्ठ अभियंता चार मजूर घेऊन आला. मी ओट्यावर उभा होतो. अभियंत्याने मला विचारले की, काका, कागदावर सही केली असती तर आम्हाला यावे लागले नसते, दिली का नाही? माझ्याकडे कोणी आलेच नाही, असे मी त्याला सांगितले. दादा त्या वेळी दहा फुटांवर होता. त्याने ऐकले. मजुरांनी आधी छप्पर काढले, मग भांडे फोडले, मग भिंती पाडल्या. दीड तास लागला. लोखंडी दांडी पुतणीने मागून घेतली. वहिनी खिडकीत खुर्चीवर होती. ती काय पाहत होती हे मला सांगता येणार नाही, कारण मी तिकडे पाहिले नाही.

त्यानंतर पत्नीने मला दोनदा विचारले की, दिंडी उघडून वहिनींना पूर्वीसारखे आपल्याकडे आणू का. आमचे शौचालय एका कुटुंबासाठी मंजूर आहे, असे मी उत्तर दिले. असा काही नियम नाही. एकतीस वर्षांत मी एवढा एकच नियम स्वतःच्या मनाने केला. पत्नी त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरते बोलते.

२८ जून रोजी सकाळी पुतणी शाळेत गेलेली होती. पाडकामानंतर वहिनीला वर चढवताना दादाची कंबर धरली होती व तो औषध आणायला कोपऱ्यापर्यंत गेला होता. तो येईपर्यंत वहिनीला धीर निघाला नसावा. ती भिंतीला धरून एकटी जिना चढू लागली. नवव्या पायरीपर्यंत गेली होती. एक चप्पल तिथे सापडली.

आवाज सात वाजून दहा मिनिटांनी आला. मी दाढी करीत होतो. पत्नी दिंडीकडे धावली व कुलूप ओढू लागली. "चावी द्या, चावी द्या," असे ती म्हणत होती. चावी माझ्या जुडग्यात होती व जुडगा खुंटीवर होता. तोंडाला साबण होता, तो मी पुसला. तोवर पत्नी अनवाणी पुढच्या गेटने, रस्त्याला वळसा घालून निघून गेली होती. ते अंतर एकशे दहा पावले आहे. मी दिंडी उघडली व तिथेच उभा राहिलो. आत का गेलो नाही असे विचारता, सांगतो की, मला जाता आले नाही. दवाखान्यात नेताना वाटेत वहिनी गेली.

त्याच दिवशी दुपारी दादा आमच्याकडे आला. पुढच्या गेटने आला, पण बसला नाही. जानेवारीत माझ्याकडे का आला नाहीस, असे मीच त्याला विचारले. तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं रे. हिनेच बजावलं होतं, भाऊजींना बारीक काम लावू नका म्हणून." माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन ३ जानेवारीला झाले, हे बरोबर आहे. वहिनी खुर्चीवर बसून मला बघायला आली होती. दादा त्यानंतर निघून गेला.

आता मला एक कागद दाखवण्यात येत आहे. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणातून माझ्या पत्नीने काढला व काल आपणहून पोलीस ठाण्यात आणून दिला, असे मला सांगण्यात आले. हा तोच संमतीचा कागद आहे. त्यावर शेजारच्या मालकाची सही आहे. सही माझी आहे. पेन वहिनीने ठेवलेले. सहीखाली १४ मे अशी तारीख आहे, ती मी घातलेली आहे. वहिनी दिंडीतून परत गेली त्यानंतर दहा मिनिटांत मी सही केली होती. पाडकामाच्या दिवसापर्यंत कागद खणात होता. दादा येईल तेव्हा द्यायचा, असे ठरवले होते.

पाडकामाच्या दिवशी कागद कुठे होता असे विचारता, सांगतो की, मी ओट्यावर उभा होतो तेव्हा तो माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. दादा दहा फुटांवर होता, हे वर सांगितले आहे. तो माझ्याकडे पाहील असे मला वाटले होते. भांडे फुटल्यावर मी आत जाऊन कागद परत खणात ठेवला.

याशिवाय मला काही सांगायचे नाही.

हवालदारांनी हा मजकूर मला पहिल्यापासून सावकाश वाचून दाखवला. भावाच्या घराच्या जिन्याला सतरा पायऱ्या असे एके ठिकाणी लिहिले गेले होते. पायऱ्या सोळा आहेत, जिना मी आखलेला आहे, म्हणून ते वाक्य मी काढायला लावले. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे व ते खरे आहे. प्रत्येक पानावर सही केली आहे. तारीख मीच घातली आहे.