पाकिटावरचं गाव

—तसं नव्हे, वल्लरी, मशीनही चुकतं कधीकधी. पाकिटावर काय लिहिलंय? मंगळवेढा, अस्सल मालदांडी ज्वारी. मग मंगळवेढ्याचीच की! बस, त्या स्टुलावर बस. चहा घेतेस? नको? बरं, मी घेतो— सकाळपासून हा तिसरा, हल्ली चहानंही तरतरी येत नाही. सव्वीस वर्षं झाली न्यू जर्सीतल्या या पिस्कॅटवेत किराणा विकतोय, आणि आजवर कुणी माझ्या ज्वारीला तिचं गाव विचारायला आलं नव्हतं. तुझे प्रोफेसर पहिलेच.

आता मला नीट समजलंय का, तेवढं बघ हं— मी अकरावी नापास माणूस, दाणा दाताखाली धरून कळलं तेवढंच माझं शिक्षण. भीमेकाठी तुमचं खोदकाम. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव, कोठाराला आग लागली, ज्वारीचा कोळसा झाला, आणि तो कोळसा तुझ्या डब्यांत. दाणा भरताना पाणी किती होतं, त्याची खूण कोळशातसुद्धा राहते. बरोबर? पण ती खूण वाचायला माप हवं— त्याच भागातली आजची ज्वारी. तू शेतातून आणलेली विमानतळावरच काढून घेतली, आणि तू इथे, या काउंटरपाशी, रडवेली होऊन उभी. तेव्हा बोललं कोण? मीच बोललो. विचारलं होतं कुणी? कुणीच नाही! ‘अगं वेडे, मंगळवेढ्याची ज्वारी इथे मिळते, माझ्या मेव्हण्याच्या शेतातली, घे चार वर्षांची चार पाकिटं’— हौस बघ माझी.

आणि आता त्या गावाजवळच्या तळ्यातला गाळ म्हणतो, तिथे चाळीस वर्षं पाऊस नीट झाला नाही, गाव उठलं ते त्यानंच. आणि माझ्या ज्वारीशी ताडून पाहिलं तर तुझा कोळसा म्हणतो, पाणी भरपूर होतं, लोक मजेत होते. म्हणून हा कागद. ज्वारी कुठली ते लिहायचं— मंगळवेढा, तू लिहिलंच आहेस— आणि खाली सही. एवढंच ना? सहीला काय लागतं! पेन राहू दे तिथेच.

मेव्हण्याचं शेत आहे बरं का. खोटं नाही. म्हणजे शेत आहे— ज्वारी नाही, त्यानं डाळिंब लावलंय. पण आधी यायची ना ज्वारी! आठ वर्षं आली. मग एकदा कंटेनर अडकला, अडीच महिने, उघडला तर निम्म्या मालाचं किडीनं पीठ केलेलं. आणि इकडे छापील पिशव्या सात हजार पडून. आपला नंदू होलसेलवाला म्हणाला, ‘दिगंबरशेठ, कॅन्ससमध्ये ज्वारी ढिगानं पिकते, इथले लोक गुरांना घालतात.’ म्हटलं, एक खेप. एकच... अशी बघू नकोस गं माझ्याकडे. लोकांनी काय केलं, सांगू? आपले प्रल्हादकाका, रिटायर्ड डॉक्टर— त्यांचा फोन. ‘दिगंबर, पन्नास वर्षांनी आईच्या हातची भाकरी खाल्ली.’ रडत होते गं फोनवर. आता त्या माणसाला काय सांगायचं, काका, ही कॅन्ससची, गुरांची? नाही सांगितलं. मग पिशव्या संपल्या. मग— मग पुन्हा छापल्या. हं. तिथे मात्र कंटेनर अडकला होता असं म्हणता येत नाही.

शोभनाला? माझ्या बायकोला? नाही, तिलाही नाही सांगितलं. तिचं माहेरच मंगळवेढ्याचं. कॅन्ससच्या पहिल्या पाकिटाचं पीठ तिनं मळलं, थापायला घेतलं, कडा चिरत गेल्या. तिनं पीठ झाकून ठेवलं, हात धुतले, आणि कणीक काढली. त्या दिवसापासून आमच्या घरी पोळी. चार वर्षं, रोज पोळी, आणि मीही विचारत नाही भाकरी का नाही म्हणून. तुझ्या मशीनला अकरा आठवडे लागले.

‘न्यू जर्सीतलं एक दुकान’ एवढंच लिहिलं तर? नाही चालत? का नाही— बरं, नको सांगूस, कळलं. कुणी पुन्हा तपासायचं म्हटलं तर त्याला दार सापडायला हवं. मीसुद्धा घाऊक बाजारात पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचो. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात. आणि नव्यानं ज्वारी आणायची, पुन्हा मोजायची तर किती दिवस? वर्ष? व्हिसा आहे तेवढा? ...नाही म्हणजे? मग? प्रोफेसर मुदत वाढवून मागतील, पण हा कागद असेल तरच. अस्सं.

मेलेल्या माणसांचा दुष्काळ होता गं तो. घर सोडून गेली बिचारी, आणि मी इथे बसून त्यांना पोटभर जेवू घातलं, पाकिटात.

आण इकडे. खोड ते मंगळवेढा. तूच लिही, मी सांगतो— कॅन्सस, चारही पाकिटं, मालकाला ठाऊक होतं. हो, तेही लिही. दुकानाचं नाव पूर्ण घाल. ही घे सही. नाही नाही, थँक्यू नको, रागावूही नकोस इथे, मला आज दोन्हीचं त्राण नाही. जा तू. मागच्या दारानं जा, पुढे गिऱ्हाईक आलंय.

या, काकू. ज्वारी? ज्वारी नाहीये. ...शेल्फवर दिसतेय? दिसू दे. विकायची नाही ती.