बिनकढीपत्त्याचं वरण

विनायक : पडद्याआडून किती बघशील? ट्रक भरत आला प्रभाताईंचा. खाली जाऊन भेटून ये.

हेमलता : मी आपली गाडी बघतेय. ट्रकवाले खरचटवतील.

विनायक : गाडी मागच्या गेटला आहे. यार, नागपूरला बदली झालीय त्यांची. लक्ष्मीबाई नगरात परत थोड्याच येणार?

हेमलता : म्हणूनच. माफी मागायची तर आज शेवटची संधी आहे. त्यांना.

विनायक : अजून तो गणपतीतला माइक?

हेमलता : भर आरतीत हातातून काढून घेतला. सगळ्या कॉलनीसमोर. वर हळदीकुंकवाला मला चिवडा वेगळ्या वाटीत. सगळ्यांना एक, मला दुसरा.

विनायक : आणि त्यांच्या अंगणात कढीपत्ता म्हणून आपल्या घरात तो बंद. आठ वर्षं बिनकढीपत्त्याचं वरण मी गिळतोय. शिक्षा नेमकी कुणाला?

हेमलता : कढीपत्ता पाहिला की मला त्या आठवतात.

(बेल वाजते. विनायक दार उघडतो.)

प्रभा : निघते हं, भाऊजी. हेमलता, हे तुळशीचं रोप ठेव. कढीपत्त्याचंच देणार होते, पण तुला अ‍ॅलर्जी.

हेमलता : मला?

प्रभा : मी एकदा डहाळी घेऊन आले, तेव्हा भाऊजीच म्हणाले ना, हिच्या अंगावर पुरळ उठतं. तेव्हापासून तुझा चिवडासुद्धा वेगळा करत होते.

हेमलता : अहो.

विनायक : मी चहा टाकतो.

हेमलता : तिथंच थांबा. प्रभाताई, मला अ‍ॅलर्जी नाही. मी रागावले होते तुमच्यावर. आठ वर्षं.

प्रभा : अगं बाई. मग बोलली का नाहीस?

हेमलता : तुम्हाला कळायला हवं होतं. आरतीत माझा माइक हिसकावलात तुम्ही.

प्रभा : मी सगळ्यांचाच हिसकावते. मला गायचं असतं ना. गेल्या वर्षी तर गुरुजींचा हिसकावला.

विनायक : हे बिल्कुल खरंय.

हेमलता : म्हणजे माझा आवाज वाईट नव्हता?

प्रभा : काय सांगू गं? मी इतकी वर्षं ऐकलाच नाही. मला वाटायचं, तू गातच नाहीस.

विनायक : हेमा?

हेमलता : चला प्रभाताई, मी खाली येते. जाण्याआधी दोन डहाळ्या तोडून द्या मला.

विनायक : पुरळ उठेल.

हेमलता : उठू दे.